नेट चालू, तरी पान उघडत नाही: अधूनमधूनच्या बिघाडाचा माग कसा काढावा

ताई, नमस्कार. तुमची अडचण मला जशी समजली तशी आधी मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावी तुमचं सेवा केंद्र आहे. दोन डेस्कटॉप, एक लॅपटॉप, फायबरचं कनेक्शन. दिवसातून दहा-बारा वेळा ब्राउझर म्हणतो की साइट उघडता येत नाही, आणि दोनदा रिफ्रेश केलं की तीच साइट उघडते. कंपनीला फोन केला की ‘आमच्याकडून लाइन ओके आहे’. तुम्ही ब्राउझर काढून परत टाकला, एक मशीन फॉरमॅट केलं, शेवटी नवा राउटर आणला. तरी तेच. समोर दाखल्यासाठी माणसं ताटकळलेली असताना हे होतं, तेव्हा जीव किती कासावीस होतो ते मी जवळून पाहिलं आहे. अठरा वर्षं छोट्या ऑफिसांची, दवाखान्यांची, पतसंस्थांची नेटवर्कं सांभाळतो आहे, आणि सर्वांत जास्त फोन याच तक्रारीचे येतात.

पहिली गोष्ट. पूर्ण बंद पडलेलं नेट शोधायला सोपं असतं. अधूनमधूनचा बिघाड तुम्ही हात लावेपर्यंत आपोआप बरा झालेला असतो, आणि मग त्या वेळी जे केलं त्यालाच श्रेय मिळतं. राउटर बंद-चालू केला, नेट आलं, म्हणजे राउटरच खराब, असं आपण धरून चालतो. पण ते नेट तसंही वीस सेकंदांनी येणारच होतं. म्हणून माझी विनंती आहे की खाली जुन्या राउटरबद्दल सांगतो तेवढा एक बदल केला की पुढे चार दिवस काहीही बदलू नका. एक वही करा. प्रत्येक वेळी अडलं की वेळ, कोणतं मशीन, कोणती साइट आणि पडद्यावर तळाला काय लिहून आलं, एवढंच लिहा.

तळाला काय लिहून आलं हे फार महत्त्वाचं. मोठ्या अक्षरातलं वाक्य प्रत्येक वेळी जवळपास सारखंच असतं, त्याखाली बारीक अक्षरात इंग्रजीत जो कोड येतो तोच खरा साक्षीदार. फोनचं उदाहरण घ्या. ‘नेम नॉट रिझॉल्व्ह्ड’ किंवा ‘डीएनएस प्रोब’ असं काही आलं, तर साइटच्या नावावरून तिचा नंबरच सापडला नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे नंबर लावला, पण पलीकडून काहीच उत्तर नाही. ‘कनेक्शन रीसेट’ म्हणजे बोलणं सुरू झालं होतं आणि समोरच्याने किंवा मधल्या कुणीतरी फोन ठेवून दिला. ‘नेटवर्क चेंज्ड’ आलं तर बाहेर कुठे पाहायलाच नको, तुमच्याच मशीनने मधेच वाट बदलली आहे: वायर आणि वायफाय दोन्ही चालू असणं, व्हीपीएन, किंवा सैल वायर. आणि ५०२, ५०३, ५०४ असे आकडे आले तर तुमचं नेट त्या साइटच्या दारापर्यंत नीट पोहोचलं आहे, दाराच्या आत गोंधळ आहे. त्यासाठी तुमच्या राउटरला हात लावण्यात काही अर्थ नाही. अर्जाच्या शेवटच्या तारखेला पोर्टल असं वागतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

इथेच एक सावधगिरी सांगतो, कारण यात लोकांचे पैसे अडकतात. फी भरताना ‘सबमिट’ दाबलं आणि ‘रीसेट’ किंवा ‘टाइम्ड आउट’ आलं, तर पुन्हा दाबू नका. पान परत आलं नाही याचा अर्थ काम झालं नाही असा होत नाही. तुमची मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचून पैसे कापले गेले असतील आणि फक्त उत्तर वाटेत तुटलं असेल. आधी व्यवहारांच्या यादीत जाऊन बघा, मगच दुसरा प्रयत्न.

आता शोधाकडे येऊ. तुमच्या मशीनपासून साइटपर्यंतच्या वाटेत बरेच टप्पे आहेत: मशीन, वायर किंवा वायफाय, राउटर, फायबरचा डबा, कंपनीचं पहिलं यंत्र, त्यापुढचं जग. बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे तो चालू असतानाच कळतं, नंतर नाही. म्हणून जाळं आधी लावून ठेवायचं.

सकाळी केंद्र उघडलं की एका मशीनवर कमांड प्रॉम्प्टच्या तीन काळ्या खिडक्या उघडा. पहिलीत पिंग, म्हणजे एखाद्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का ते बघणारी कमांड, मग जागा सोडून राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१, मग पुन्हा जागा सोडून डॅश टी. हे सगळं इंग्रजीतच टाइप करायचं. दुसरीत तसंच, पण पत्ता कंपनीच्या पहिल्या यंत्राचा. तो मिळवायला एकदा ट्रेसआरटी डॅश डी आणि पुढे १.१.१.१ असं द्या. यादीत पहिली ओळ तुमच्या राउटरची असते, दुसरी बहुतेकदा कंपनीची. काही कंपन्यांची ही यंत्रं पिंगला उत्तरच देत नाहीत, नुसते तारे दिसतात. तसं असेल तर यादीतला पुढचा जो पत्ता उत्तर देतो तो घ्या. तिसऱ्या खिडकीत थेट १.१.१.१, म्हणजे बाहेरचं जग. तिन्ही खिडक्या दिवसभर एका कोपऱ्यात चालू राहू द्या. याने नेटवर काही भार पडत नाही.

ब्राउझर अडला की आधी या खिडक्यांकडे बघा. तिन्ही एकदम थांबल्या तर भानगड मशीन, राउटर किंवा त्या दोघांमधल्या वाटेतच. पहिली चालू आणि बाकी दोन थांबल्या तर फायबर किंवा कंपनी. पहिल्या दोन चालू आणि तिसरी बंद, तर कंपनीच्या पुढचा रस्ता. आणि तिन्ही व्यवस्थित चालू असून पान उघडत नसेल, तर लाइन ठीक आहे. नावाचा नंबर शोधण्यात, ब्राउझरमध्ये किंवा त्या साइटमध्ये खोट आहे. अडलेल्या ओळींवरून वेळेचाही अंदाज येतो: विंडोजमध्ये ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची एक ओळ म्हणजे साधारण चार-पाच सेकंद. पाच ओळी दिसल्या तर वीस-पंचवीस सेकंद नेट नव्हतं. हे वहीत लिहा. त्याच मिनिटाला मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघा. तिथेही अडली तर दोष साइटचा.

या जाळ्याला एक अपवाद आहे. तो मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात ओझरतं एक वाक्य आलं आहे: नवा राउटर आणल्यावर जुना टाकून न देता मागच्या खोलीत वायफायसाठी लावला.

एका दवाखान्यात मला बोलावलं होतं. पाच मशीन, तक्रार हुबेहूब तुमचीच. मी तीन खिडक्या लावून बसलो. पाऊण तासाने बाहेरचं पिंग थांबलं, राउटरचं मात्र अखंड चालू. हिशेबाने दोष कंपनीचा ठरत होता. पण त्याच वेळी शेजारच्या टेबलावर रिसेप्शनच्या मशीनवर नेट धावत होतं. लाइन एकच, मग असं कसं? मी पहिल्या खिडकीतल्या ओळी पुन्हा नीट वाचल्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी टीटीएल असा एक आकडा येतो. सकाळपासून तो ६४ होता. बाहेरचं पिंग जिथे थांबलं त्याच जागेपासून तो २५५ झाला होता. पत्ता तोच, उत्तरही येत होतं, पण उत्तर देणारा डबा बदलला होता.

मग एआरपी डॅश ए ही कमांड दिली. तिच्यात प्रत्येक पत्त्यासमोर त्या यंत्राचा कायमचा बारा अक्षरांचा क्रमांक दिसतो. राउटरसमोरचा क्रमांक मी कागदावर उतरवला, नेट परत आल्यावर पुन्हा पाहिला, तर तो वेगळाच. आम्ही वायर धरून निघालो. औषधांच्या कपाटामागे मागच्या कंपनीचा जुना राउटर होता. कुणीतरी त्याला जादा पोर्ट मिळावेत म्हणून जोडला होता. त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि तोही मशीनना पत्ते वाटत होता. एका घराच्या पत्त्यावर दोन घरं. मशीनच्या हाती ज्याचं उत्तर लागेल त्याच्याकडे ते पानाची मागणी पाठवायचं, आणि जुन्या राउटरच्या पाठीमागे बाहेर जाणारी वाटच नव्हती. काही मिनिटांनी मशीन पुन्हा चौकशी करायचं, कधी खरा राउटर सापडायचा, की सगळं सुरळीत.

म्हणून ताई, सर्वांत आधी तो मागच्या खोलीतला जुना राउटर काढून ठेवा. तो वापरायचाच असेल तर नव्या राउटरपासून सोडवून एकटाच लॅपटॉपला जोडा, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटण्याची सोय, बंद करा, त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा वेगळा द्या. मग मुख्य राउटरची वायर त्याच्या लॅनच्या (आतल्या मशीनसाठीच्या) भोकात लावा, वॅनच्या (बाहेरच्या लाइनसाठीच्या) नाही. तुमचा मूळ त्रास राउटर बदलायच्या आधीपासूनचा आहे, हे मला कळतं. माझा अंदाज असा आहे की मूळ बिघाड एक होता, आता दोन झाले आहेत, आणि हा दुसरा काढल्याशिवाय पहिला ओळखू येणार नाही.

पहिला कोणता असेल? मी ज्या क्रमाने बघतो तो सांगतो.

वीज. ऐकायला विचित्र वाटेल, पण गावाकडे हे फार आढळतं. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं ते) ‘सिस्टम अपटाइम’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे डबा किती वेळ सलग चालू आहे. तुम्ही सकाळी नऊला चालू केला आणि दुपारी दोनला तो चाळीस मिनिटं दाखवत असेल, तर मधे तो स्वतःच बंद पडून उठला आहे. एका पतसंस्थेत बोअरची मोटर सुरू झाली की नेट जायचं. मोटर उचल घेताना विजेचा दाब पडायचा, आणि चार वर्षं जुना बारा व्होल्टचा अ‍ॅडाप्टर तेवढ्याने मान टाकायचा. नवा अ‍ॅडाप्टर आणि बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, तक्रार संपली. तुमच्या वहीतल्या वेळा नळाच्या, मोटरच्या किंवा शेजारच्या गिरणीच्या वेळांशी जुळतात का, ते नक्की पाहा. राउटरचा आणि फायबरच्या डब्याचा अ‍ॅडाप्टर वेगळा असतो, दोन्ही तपासा. अ‍ॅडाप्टर बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील.

त्याच पानावर इंटरनेट कनेक्शन किती वेळ चालू आहे हेही वेगळं दिसतं. डबा दहा तास चालू आणि कनेक्शन मात्र पंधरा मिनिटांचं, असं असेल तर लाइन तुटून परत जुळली आहे. अशा वेळी फायबरच्या डब्याच्या पानावर आरएक्स पॉवर बघा, म्हणजे फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, लाइनमन जिला नुसतं ‘पॉवर’ म्हणतात. तो आकडा उणे असतो. साधारण उणे १५ ते उणे २४ असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ ही सामान्य घरगुती डब्याची काठावरची मर्यादा. त्याच्या आसपास असेल तर कधी जुळणार कधी तुटणार, आणि तुटल्यावर लॉसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागणार. कंपनीने ज्या क्षणी तपासलं त्या क्षणी लाइन जुळलेली असते, म्हणून ते ‘ओके’ म्हणतात आणि ते खोटंही नसतं. आपल्या बाजूने बघायचं ते इतकंच: पिवळी पातळ वायर कपाटामागे चेमटली आहे का, खिळ्याला घट्ट गुंडाळली आहे का, हिरवं टोक पूर्ण आत बसलं आहे का. ते टोक बोटाने पुसू नका आणि डोळ्यांसमोर धरून आत बघू नका, त्यात लेसरचा न दिसणारा प्रकाश असतो. पावसाळ्यात त्रास वाढत असेल तर खांबावरच्या जोडपेटीत पाणी शिरत असण्याची शक्यता असते, ते काम लाइनमनचंच.

वायर. तिन्ही खिडक्या एकदम थांबत असतील तर वायफाय सोडून दोन दिवस वायरवर काम करून पाहा. फरक पडला तर वायफायच दोषी. राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा चॅनेल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६, ११ यांतला शेजारी कमी वापरत असलेला एक निवडा, शक्य असेल तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. लॅपटॉपमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटखाली, वीज वाचवायला हे कार्ड बंद करू दे अशी खूण असते, ती काढा. आधीपासून वायरच असेल तर जोडणीचा वेग बघा. सगळं गिगाबिटचं असून १०० मेगाबिट दाखवत असेल तर वायरीतल्या चार जोड्यांपैकी एखादी तुटली आहे, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच पुरतात. उंदरांनी कुरतडलेली, खुर्चीच्या चाकाखाली रोज येणारी, क्लिप तुटून सैल झालेली अशा वायरी मी पोतंभर बदलल्या असतील.

नाव शोधणं. तिन्ही खिडक्या चालू, कोड ‘नेम नॉट रिझॉल्व्ह्ड’चा, तर हेच कारण. मशीन नावाचा नंबर राउटरला विचारतं, राउटर कंपनीला. स्वस्त राउटर गर्दीत ही चौकशी गाळतात. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून १.१.१.१ आणि ८.८.८.८ द्या. एक राउटरचा आणि एक बाहेरचा अशी सरमिसळ करू नका, मग दोष कधी दिसतो कधी लपतो आणि आपण पुन्हा तिथेच येतो.

बाकीची कारणं कमी आढळतात, पण तुमच्या कामाशी जुळणारं एक आहे: पान उघडतं, लॉगिन होतं, पण कागदपत्र अपलोड करताना चक्र फिरत राहतं आणि शेवटी ‘टाइम्ड आउट’ किंवा ‘रीसेट’. हे अधूनमधूनचं वाटतं, पण असतं ठाम. त्याच साइटवर, त्याच टप्प्यावर. युजरनेम-पासवर्ड टाकून राउटर जोडला जातो अशा पीपीपीओई कनेक्शनमध्ये डेटाच्या प्रत्येक पाकिटातले ८ बाइट त्या जोडणीच्या खर्चात जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ चंच पाकीट जाऊ शकतं. राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पाकिटाचा जास्तीत जास्त आकार, १५०० पडलं असेल तर ते १४९२ करा. खात्री करायला पिंग डॅश एफ डॅश एल १४६४ आणि पुढे १.१.१.१ द्या. उत्तर आलं तर १४९२ बरोबर आहे, कारण १४६४ वर २८ बाइट वेष्टनाचे धरायचे असतात. पाकिटाचे तुकडे करावे लागतील अशा अर्थाचा निरोप आला किंवा नुसतंच ‘टाइम्ड आउट’ झालं, तर दहा-दहाने कमी करत उत्तर येईल तो आकडा शोधा आणि त्यात २८ मिळवून तो एमटीयू म्हणून टाका.

दुसरं संध्याकाळचं. आधीपासून चालू असलेला व्हिडिओ चालू राहतो आणि नवा टॅब मात्र उघडत नाही, असं होत असेल तर राउटरच्या वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर कंपनी अनेक ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते आहे. अशा व्यवस्थेत प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक जोडण्या येऊ शकतात. कॅमेरे, मोबाइल आणि उघडे ठेवलेले चाळीस टॅब मिळून त्या संपतात. टॅब कमी करा, आणि परवडत असेल तर कंपनीकडे स्वतंत्र स्टॅटिक पत्ता मागा.

ब्राउझरचा संशय मी शेवटी घेतो, आणि तोही एकाच मशीनवर, एकाच ब्राउझरमध्ये त्रास असेल तेव्हा. इन्कॉग्निटोमध्ये चालत असेल तर एखादं एक्स्टेंशन काढायचं आहे. अँटीव्हायरसचं वेब तपासणारं कलम दहा मिनिटं बंद केल्यावर चालत असेल तर दोष त्याचा. तुमच्याकडे तिन्ही मशीनवर होतं आहे, म्हणजे फॉरमॅट करायची गरजच नव्हती. दुसरं मशीन मात्र आता फॉरमॅट करू नका.

तर उद्या सकाळी जुना राउटर काढा, तिन्ही खिडक्या लावा, डब्याचा अपटाइम आणि आरएक्स पॉवर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. चार दिवसांनी कंपनीला फोन करायची वेळ आली, तर ‘नेट जातंय’ असं म्हणू नका. ‘मंगळवारी ११:१०, १२:४२ आणि ३:०५ ला राउटरला पिंग चालू होतं, तुमच्या पहिल्या यंत्राला बंद होतं, प्रत्येक वेळी वीस ते तीस सेकंद, आणि पॉवर इतकी इतकी आहे’ असं सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. असं सांगितलं की बहुतेक वेळा लाइनमन मीटर घेऊन दारात येतो. तुमच्या वहीतल्या वेळा आणि कोड मला इथेच खाली लिहून पाठवा, मी वाचून पुढचं सांगतो.